पाणी, जंगल, खनिज: सरकारी धोरणाच्या कामात शिरायचं कसं

विचारणारी मुलगी इंदूरचीच. होळकर विज्ञान महाविद्यालयातून भूविज्ञानात एम.एस्सी. झालेली, वय 23. तिचा प्रश्न थोडक्यात असा: "मावशी, पाणी, जंगल, खनिजं यांबद्दल सरकार जी धोरणं ठरवतं, त्या कामात मला जायचंय. घरचे म्हणतात भंवरकुआंला क्लास लाव आणि यूपीएससी दे. तेवढा एकच रस्ता आहे का? आणि सुरुवात नेमकी कुठून करू? पीएच.डी. आत्ताच करावी का?"

रस्ता एकच नाही. पण रस्ते सांगण्याआधी धोरण नावाची गोष्ट प्रत्यक्षात कुठे ठरते ते सांगते. तू कोणत्या दारातून आत जावंस, हे त्यावरच अवलंबून आहे.

भूजलाचंच उदाहरण घेते, कारण माझी सगळी नोकरी त्यात गेली, आधी जिल्ह्यात आणि मग भोपाळला. देशातल्या प्रत्येक विकासखंडाच्या, म्हणजे ब्लॉकच्या, भूजलाचा हिशोब आता दर वर्षी होतो. जमिनीत मुरलेल्या पाण्यापैकी वर्षाला काढण्याजोगं किती आणि आपण उपसतो किती, याची टक्केवारी काढतात. 70 पर्यंत सुरक्षित, 70 ते 90 सेमी-क्रिटिकल, 90 ते 100 क्रिटिकल, आणि शंभराच्या वर गेलं की अतिदोहित. इंदूर विकासखंड वर्षानुवर्षं या शेवटच्या खान्यात आहे. तो खाना नुसता नावाचा नाही. अतिदोहित भागात नव्या मोठ्या कारखान्याला भूजल काढायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र मिळत नाही, लहान उद्योगांना सवलत आहे. 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत ते लिहिलेलं आहे.

आता त्या टक्केवारीच्या पोटात शिर. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर विहिरीतली पातळी मोजायची, फरक काढायचा, त्याला क्षेत्रफळाने गुणायचं आणि मग खडकाच्या स्पेसिफिक यील्डने. म्हणजे भिजलेल्या खडकातून प्रत्यक्षात किती टक्के पाणी हाती लागतं तो आकडा. आपल्या माळव्याच्या झिजलेल्या, फटी असलेल्या बेसॉल्टसाठी 2015 च्या राष्ट्रीय कार्यपद्धतीत तो 2 टक्के सुचवलाय. पातळी एक मीटर चढली आणि 2 टक्के धरले, तर एका चौरस किलोमीटरमागे 2 कोटी लिटर पाणी वाढलं असं कागदावर येतं. तिथे 3 टक्के धरले की 3 कोटी होतात. जमिनीतलं पाणी थेंबभरही बदललेलं नसतं, पण विकासखंडाचा खाना बदलू शकतो, आणि त्याबरोबर कारखान्याची परवानगी, योजनेचा पैसा, बोअरवरची बंदी, सगळं बदलतं. हा आकडा विधानसभेत चर्चेला आला नाही की कुठल्या सभेत जाहीर झाला नाही. तो तांत्रिक समितीच्या अहवालातून आला, आणि अशा समितीत तुझ्यासारखं भूविज्ञान शिकलेली माणसं बसतात.

मला मुख्यतः हेच सांगायचंय. नैसर्गिक संसाधनांचं धोरण मोठ्या घोषणेत जेवढं असतं, त्याच्या कितीतरी पट ते नियमांत, मानकांत, परिशिष्टांत, दराच्या तक्त्यांत आणि फाइलवरच्या टिपणात असतं. जो माणूस एक संसाधन, एका भागात, मुळापासून जाणतो आणि अधिकाऱ्याला निर्णय घेता येईल असं दोन पानांत लिहू शकतो, त्याला आज ना उद्या त्या टेबलापर्यंत बोलावणं येतंच. म्हणून पहिली नोकरी सत्तेच्या जवळची शोधू नकोस, आकड्यांच्या आणि जमिनीच्या जवळची शोध. पंचविशीत मंत्र्याच्या कार्यालयात सादरीकरणं बनवणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. तिशीनंतर त्यांच्याकडे ओळखी पुष्कळ असतात, पण कुठलाही विषय त्यांच्या नावावर नसतो. उलट चार-पाच वर्षं तालुक्यात विहिरी, खाणी किंवा जंगलाचे कंपार्टमेंट पाहिलेला माणूस बैठकीत गप्प बसला तरी शेवटी सचिव त्याच्याकडेच वळून विचारतात, "असं होऊ शकतं का?"

आता संसाधन निवडायचं. तिन्ही एकदम धरू नकोस. तिघांचे कायदे वेगळे, खाती वेगळी, एवढंच काय, राज्यघटनेतली जागाही वेगळी. पाणी राज्य सूचीत आहे, पण आंतरराज्य नद्यांवर केंद्राचा अधिकार. जंगल 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत गेलं, त्यामुळे जंगलातली एक हेक्टर जमीनही दुसऱ्या कामाला द्यायची तर केंद्राची परवानगी लागते. खनिजांत 1957 चा केंद्रीय कायदा वर, पण रेती, मुरूम, गिट्टी अशा गौण खनिजांचे नियम राज्य करतं. कुठल्या विषयात खरा निर्णय भोपाळला होतो आणि कुठल्या विषयात दिल्लीला, हे यावरून ठरतं, आणि नोकरी कुठे शोधायची तेही.

तुझी पदवी बघता मी पाणी किंवा खनिज म्हणेन. जंगलाकडेही भूविज्ञानाचा दरवाजा उघडा आहे, त्याचं पुढे सांगते.

पाण्याबद्दल आणखी एक कारण आहे, आणि ते इंदूरच्या नळापर्यंत येतं. आपलं शहर नर्मदेचं पाणी पितं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून विंध्य चढवून ते वर आणतात, 1978 पासून. त्याच्या विजेचं बिल एवढं मोठं, की 2023 मध्ये महापालिकेने जलूदच्या सौरऊर्जा प्रकल्पासाठी 244 कोटींचे हरित रोखे काढले. त्याच नर्मदेच्या पाण्याची वाटणी 1979 च्या लवाद निवाड्याने ठरली: 28 दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी मध्य प्रदेशाला 18.25, गुजरातला 9, राजस्थानला 0.5 आणि महाराष्ट्राला 0.25. निवाड्यात 45 वर्षांनी फेरविचाराची सोय ठेवलेली आहे, आणि ती मुदत आता भरली आहे. म्हणजे तुझ्या नोकरीची वर्षं नेमकी अशा काळात येणार आहेत, जेव्हा पाण्याचे जुने हिशोब पुन्हा काढून बसावं लागेल. पार्वती-कालीसिंध-चंबळ जोडप्रकल्पाचा करार 2024 मध्ये झाला, तोही माळव्याशी जोडलेला आहे. या कामांना वक्त्यांपेक्षा जलविज्ञान जाणणारी माणसं जास्त लागतात, आणि ती कमी आहेत.

आता परीक्षांचं. घरचे यूपीएससी म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कलेक्टर असतो. पण यूपीएससी आणखीही परीक्षा घेते, आणि त्यातली एक अगदी तुझ्यासाठी आहे: संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा. भूविज्ञानातली पदव्युत्तर पदवी, वय 21 ते 32. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत. यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक म्हणून जाता येतं, किंवा केंद्रीय भूजल मंडळात जलभूविज्ञानाच्या 'शास्त्रज्ञ ब' पदावर. या मंडळाचं आपल्या भागाचं कार्यालय भोपाळलाच आहे. वर सांगितलेला भूजलाचा हिशोब हेच मंडळ राज्याच्या खात्याबरोबर बसून करतं. धोरणाच्या मुळाशी असलेल्या आकड्यापर्यंत पोचायचं असेल तर यापेक्षा सरळ वाट मला माहीत नाही. नागरी सेवेला बसणाऱ्यांच्या मानाने इथे गर्दी फार कमी असते, आणि अभ्यासाचा मोठा भाग तू एम.एस्सी.त करून बसली आहेस. भंवरकुआंच्या क्लासवाल्यांकडे या परीक्षेचं फारसं काही नसतं, म्हणून ती कुणी सुचवत नाही.

दुसरी भारतीय वनसेवा. पूर्वपरीक्षा नागरी सेवेचीच, मुख्य परीक्षा वेगळी, दोन ऐच्छिक विषय. पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूविज्ञान, पशुवैद्यक यांपैकी एखादा विषय हवा, किंवा शेती, वानिकी, अभियांत्रिकीची पदवी. म्हणजे तू बसू शकतेस, आणि भूविज्ञान ऐच्छिक विषय म्हणून घेऊ शकतेस. मध्य प्रदेशात वनाच्छादन साधारण 77 हजार चौरस किलोमीटर, देशात सगळ्यांत जास्त. वनसेवेतल्या अधिकाऱ्याला इथे जेवढं शिकायला मिळतं तेवढं फार थोड्या राज्यांत मिळत असेल.

तिसरी आपल्या घराजवळची: मध्य प्रदेश लोकसेवा आयोग, ज्याचं मुख्यालय इंदुरातच, रेसिडेन्सी भागात आहे. राज्य वनसेवेतून सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल निवडले जातात, खनिज खात्यातल्या अधिकाऱ्यांची भरतीही होते. खनि निरीक्षकासारखी पदंही भरली जातात. ही पदं लहान वाटतात. पण वनक्षेत्रपालाच्या हाताखाली पूर्ण रेंज असते, आणि पेसा (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा), वनाधिकार, तेंदूपत्ता हे सगळं धोरण म्हणून जे कागदावर येतं ते त्याच्या रेंजमध्येच खरं किंवा खोटं ठरतं.

तेंदूपत्त्याचं सांगते, म्हणजे कळेल. 50 पानांची एक गड्डी, अशा हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. सरकार दर ठरवतं ते मानक बोऱ्याचे, पण बाई फडावर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या जागी, आणते त्या गड्ड्या. फडमुंशी एखादी गड्डी उघडून पानं मोजतो, काही पानं डागाळलेली म्हणून बाजूला टाकतो, आणि तिची दिवसभराची मजुरी त्या बाजूला पडलेल्या पानांवर हलते. दर कितीही वाढवला तरी गड्डी नाकारण्याचा नियम साफ नसेल, तर वाढलेला पैसा तिच्या पदरात पडेलच असं नाही. भोपाळला दर ठरवणाऱ्या बैठकीत ही गोष्ट सांगणारा माणूस हवा असतो, आणि ती फडावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

परीक्षांखेरीजचे रस्ते आता भरभर सांगते. नीती आयोग आणि केंद्रीय मंत्रालयं 'यंग प्रोफेशनल' म्हणून कंत्राटावर मुलं घेतात. भोपाळला अटल बिहारी वाजपेयी सुशासन संस्था आहे, पर्यावरण नियोजनाचं एप्को आहे, जैवविविधता मंडळ आहे; त्यांच्या जाहिराती बघत राहा. खासदारांच्या हाताखाली संशोधन साहाय्यक म्हणून काम करण्याची 'लॅम्प' फेलोशिप 25 वर्षांपर्यंतच्या पदवीधरांना असते, तुला अजून वेळ आहे. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेतून व्यवस्थापनाची पदवी घेऊन या क्षेत्रात आलेले बरेच जण भेटतात. संस्था 1982 ची, नाव चांगलं आहे, पण फी बघून घे. कर्ज डोक्यावर घेऊन पुढे कमी पगाराचं काम स्वीकारणं अवघड जातं. कंत्राटी पदांबद्दल एक सांगते: करार वर्षा-दोन वर्षांचा असतो, योजना संपली की पद संपतं. ते शिकण्यासाठी घ्यावं, आधार म्हणून नाही. आणि घेताना एकच विचारावं: मला आकडे गोळा करायला आणि तपासायला मिळणार आहेत, की दुसऱ्यांच्या आकड्यांवर रंगीत पानं करायची आहेत?

आता सुरुवात. परीक्षेचा अभ्यास चालू ठेव, आणि त्याबरोबर हे कर.

उन्हाळा लागला की इंदूरचे कलेक्टर खासगी बोअरवर बंदीचा आदेश काढतात, मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम 1986 खाली. वर्तमानपत्रात चार ओळी येतात, पण तू मूळ आदेश मिळव आणि पेन घेऊन बस. कुठल्या कलमाखाली जिल्हा जल-अभावग्रस्त जाहीर केला? त्यासाठी कुठल्या खात्याच्या अहवालाचा आधार घेतला, आणि त्या अहवालात कुठल्या विहिरींचे आकडे आहेत? सूट कुणाला? परवानगी देणार कोण, अपर कलेक्टर की एसडीएम? बोअरिंगचं मशीन जिल्ह्यातून नुसतं जाणार असेल तर? दंड किती, आणि तो दंड एका बोअरच्या खर्चाशेजारी ठेवला तर कसा दिसतो? हा आदेश दोन-तीन पानांचा असतो. पण कायदा, आकडे, अपवाद, अंमलबजावणी आणि पैसा, धोरणाचे सगळे सांधे त्यात दिसतात. मी भोपाळला नव्याने आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात हाच वाचायला द्यायची.

मग विहिरीवर जा. भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात: जानेवारी, उन्हाळा, ऑगस्ट, नोव्हेंबर. ओळख काढून एखाद्या फेरीत बरोबर जा. विहिरीला कठडा असतो. टेप कठड्याच्या ठरलेल्या खुणेवरून आत सोडतात, पाण्याला टेकला की वाचतात, आणि मग त्या आकड्यातून कठड्याची उंची वजा करतात. खोली जमिनीपासून धरायची असते. कठडा साधारण अर्धा-पाऊण मीटर. मध्येच कुणी विहीर दुरुस्त करून कठडा वाढवला आणि नोंदवहीत जुनीच उंची राहिली, तर पाणी एका फेरीत अर्धा मीटर खाली गेल्यासारखं दिसतं. पावसाळा चांगला झालेला असतो, गावकरी म्हणत असतात पाणी वर आहे, आणि आलेख खाली जातो. वर दिलेलं 2 टक्क्यांचं गणित आठव, अर्ध्या मीटरला किती कोटी लिटर होतात ते काढ. आकड्यावर विश्वास ठेवायचा तर तो कसा जन्मला ते पाहिलेलं असावं, आणि हे पाहिलेला माणूस पुढे बैठकीत आकड्याला भीत नाही.

खनिजाकडे वळायचं असेल तर हाच धडा जिल्हा सर्वेक्षण अहवालातून घे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात गौण खनिजांच्या लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं, 2016 मध्ये केंद्राने जिल्ह्याजिल्ह्याला रेतीचा असा अहवाल सक्तीचा केला. नदीत कुठे किती रेती आहे, पावसाळ्यानंतर किती परत भरते, कुठून काढू नये, हे त्यात यायला हवं. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर हे अहवाल मिळतात. खरगोन, धार, देवास, शेजारचे कुठलेही दोन घे आणि भूविज्ञानाचं प्रकरण शेजारी शेजारी ठेवून वाच. मी वाचलेल्या कित्येक अहवालांत हे प्रकरण एका जिल्ह्यातून दुसऱ्यात उचललेलं होतं, आणि रेती परत भरण्याचा आकडा कुणी नदीत उतरून मोजला असेल असं वाटत नव्हतं. याचा मला आजही राग येतो. नदीचा तळ खरवडला जातो तो ट्रॅक्टरवाल्याच्या फावड्याने, पण त्याला परवानगी देणारा आकडा खोलीत बसून लिहिलेला असतो. तू असा एक अहवाल प्रामाणिकपणे लिहिलास तर एका जिल्ह्याच्या नदीचं भलं करशील, आणि तेही नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत.

जंगल आणि गावच्या जमिनीकडे ओढा असेल तर पटवाऱ्याकडून एखाद्या गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज बघून ये. भू-राजस्व संहिता 1959 ची आहे, तिच्याखाली गावाने चराई, लाकूड, पाणी, वाट कशी वापरायची ते या कागदांत नोंदलेलं असतं. इंदुरात वाढलेल्या मुलांना हे ठाऊक नसतं, कारण आपल्या घरात सातबारा आणि खसरा यांपलीकडे विषय जात नाही. वनखातं आणि महसूल खातं या दोघांच्याही नकाशात असलेली जमीन, जिला इथे नारंगी क्षेत्र म्हणतात, ती काय भानगड आहे हे या कागदांशिवाय समजणार नाही. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी हे पेसाचे जिल्हे आपल्यापासून काही तासांवर आहेत. राज्याचे पेसा नियम नोव्हेंबर 2022 चे, 89 विकासखंडांना लागू. ते वाचून मग एखाद्या ग्रामसभेत मागे बसून ये. बोलू नकोस, फक्त ऐक.

आणि लिहायला शिक. यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचंय, कारण इथेच चांगली मुलं अडतात. एम.एस्सी.चा प्रबंध लिहिणं वेगळं आणि टिपण लिहिणं वेगळं. प्रबंधात आधी पार्श्वभूमी, मग पद्धत, मग निष्कर्ष. टिपणात पहिल्याच परिच्छेदात सांगायचं की निर्णय कोणता हवाय आणि तो घ्यायचा अधिकार कुणाला, कुठल्या नियमाखाली. मग आतापर्यंत काय झालं, चार ओळींत. मग पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि तो कुठल्या मदीतून जाईल. मग वित्त आणि विधी खात्याची संमती लागेल का. शेवटी शिफारस, आणि ती मान्य झाली तर आदेशाचा मसुदा सोबत जोडलेला. हिरव्या नोटशीटचे दिवस सरून आता ई-ऑफिस आलं, पण ही वीण तीच आहे. आदेशाचा मसुदा सोबत नसलेलं टिपण कितीही विद्वत्तेचं असलं तरी "चर्चा करावी" असा शेरा घेऊन परत येतं. ज्याला मसुदा लिहिता येतो, त्याचेच शब्द शेवटी राजपत्रात जातात.

सरावासाठी विषय शहरातच आहेत. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर ही दोन्ही ठिकाणं 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, 2025 च्या सुरुवातीला इंदूरला पाणथळ-शहराची मान्यता मिळाली. पाणथळ जागांचे नियम 2017 चे. सिरपूरच्या पाणलोटात नवीन बांधकामाला काय अट घालावी, यावर दोन पानांचं टिपण लिही. आकडा एकही अंदाजाने टाकू नकोस. नसेल तर तो कुठल्या खात्याकडून मागवावा ते लिही.

इंदूरने हे काम जगासाठी एकदा केलेलं आहे, ते तुला शिकवलं गेलं असेल की नाही कोण जाणे. 1924 मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली, आज आपण ज्याला कृषी महाविद्यालय म्हणतो त्याच आवारात. अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथल्या शेतांतला काडीकचरा आणि शेण यांच्यापासून कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली, जी जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली गेली. एका ठिकाणच्या मातीकडे अनेक वर्षं नीट पाहिल्याचं ते फळ होतं.

भाषेचं. आपल्या राज्याचा कारभार हिंदीत चालतो, केंद्राचे अहवाल इंग्रजीत. मराठी घरातल्या मुलांची बोलायची हिंदी उत्तम असते, पण शासकीय हिंदी वेगळी: 'अनापत्ति', 'संक्षेपिका', 'परिपत्र', 'अधिरोपित'. जुने आदेश वाचूनच ती येते. आणि मराठी ही तुझी जास्तीची ताकद आहे, घरापुरती ठेवू नकोस. महाराष्ट्राचे शासन निर्णय मराठीत सगळ्यांना वाचायला उपलब्ध असतात. त्यांचा 2009 चा भूजल कायदा, 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचे त्यांचे प्रयोग, हे तू मुळातून वाचू शकतेस; भोपाळमधल्या बहुतेकांना त्यासाठी कुणाचं तरी भाषांतर लागतं. मे 2025 मध्ये तापी खोऱ्याच्या पुनर्भरण प्रकल्पासाठी दोन्ही राज्यांत सामंजस्य करार झाला. बऱ्हाणपूरच्या शेतकऱ्याशी आणि जळगावच्या अभियंत्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा भूवैज्ञानिक अशा कामात किती उपयोगी पडेल, हे मी वेगळं सांगायला नको.

आता घरच्यांच्या काळजीचं, कारण ती खरी आहे. मुलीने रेंजमध्ये, खाणीवर, गाडीतून रानोमाळ फिरायचं म्हणजे कसं, असं आईबाबा विचारतील. अडचणी आहेत: विश्रामगृहात सोय नसते, रेतीच्या नाक्यावर रात्री उभं राहणं धोक्याचं असतं, आणि तिथे एकटं कधीच जाऊ नये, पोलीस आणि महसूलची माणसं बरोबर असल्याशिवाय तर नाहीच. हा नियम पुरुषांनाही लागू आहे. दबावही येतो. एखाद्या प्रस्तावावर "एवढं लिहू नका" असा फोन येतो. अशा वेळी भांडत बसण्यापेक्षा आकडा, तारीख आणि मोजमापाची जागा टिपणात स्वच्छ नोंदवून फाइल वर पाठवावी. वरच्याने वेगळा निर्णय घेतला तर तो त्याच्या सहीने होतो आणि तुझी नोंद फाइलीत राहते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं मध्य क्षेत्राचं पीठ भोपाळलाच आहे. पुढे कधी प्रकरण तिथे गेलं की पहिल्यांदा त्या नोंदी मागवल्या जातात. त्या पीठाचे आदेश नियमितपणे वाचत जा. कुठल्या खात्याची नोंद टिकली आणि कुठल्याची नाही, हे त्यातून जितकं कळतं तितकं पुस्तकातून कळत नाही.

क्लासचं विचारलंस म्हणून: भूवैज्ञानिक परीक्षेच्या विषयांसाठी तुझी एम.एस्सी.ची पुस्तकं आणि जुन्या प्रश्नपत्रिका पुरतील. सामान्य अध्ययनासाठी हवा असेल तर काही महिन्यांपुरता लाव, दोन-दोन वर्षांचे पॅकेज घेऊ नकोस. भूवैज्ञानिक परीक्षा आणि वनसेवा या दोन्ही एकमेकींना पूरक आहेत, दोन्ही दे. राज्याच्या परीक्षेचा फॉर्म भरत राहा. कंत्राटी काम मिळालं तर परीक्षा सोडू नकोस, पण काम नाकारूही नकोस. मुलाखतीत तुझ्याकडे सांगायला स्वतः पाहिलेलं काहीतरी असेल.

आणि पीएच.डी.बद्दल, जे तू प्रश्नाच्या शेवटी विचारलं होतंस. आत्ता करू नकोस. आधी काही वर्षं खात्यात किंवा एखाद्या योजनेत काढ. तिथे एक असा प्रश्न सापडेल ज्याचं उत्तर कुणाकडेच नाही आणि ज्यावाचून दर वर्षी चुकीचा आदेश निघतो. तो घेऊन विद्यापीठात ये. खातं अभ्यासाची रजाही देतं, आणि मग तो प्रबंध कपाटात पडून राहणार नाही, कारण त्याची वाट बघणारी फाइल आधीच उघडलेली असेल.